जावयाचं धोतर आणि धरणाची भिंत

शप्पथ सांगतो, हा किस्सा अक्षर न् अक्षर खरा आहे, मी सोबतच होतो. म्हणजे सोबत नव्हतो, पण गजाननानं सांगितला तेव्हा शेजारीच बसलो होतो.

हा गजानन आमचा मित्र, महागडी सायकल घेऊन खडकपूर्णा नदीच्या काठाकाठानं, धरणाला वळसा घालत हिंडतो. परवा हिंडता हिंडता थेट सासरवाडीत पोचला, तोही सायकलवाल्यांच्या त्या तंग चड्डीत. सासूबाई पदर ओढून आत पळाल्या. सासरा म्हणे, "जावईबुवा, मोटरसायकल इकली काय?"

"नाही मामा, हे तिच्याहून महाग हाय."

"अन् स्टँड नाही, कॅरिअर नाही? फसवलं ना तुमाले कोनीतरी!"

जावयाला आहेराशिवाय सोडायचं नाही, ही रीत. सासऱ्यानं कोरं धोतर काढलं. "हे नेसूनच जा. गाव पाहून राह्यलं."

आहेर नाकारला हे बायकोला कळतं, तर घरात पाय ठेवता आला नसता. नेसला बिचारा. परतताना धरणाच्या भिंतीवर धोतर सायकलच्या साखळीत अडकलं आणि गडी मासेमारांपुढे आडवा.

आता खरं सांगू? साखळीचं मी जोडलं. अडकायला धोतर अंगावर होतं कुठं? ते वाऱ्यानं आधीच धरणात नेलं होतं, अन् मासेमारांनी जाळ्यात धरून सासऱ्याला पोचतं केलं.