खळ लावलेला धडा

तुम्ही हसून राह्यल्या बाई, पण मले अजून संताप येते. तेव्हा मॅट्रिक अकरावीची होती, न आम्ही मेहकरले नववीत. शरीरशास्त्राच्या पुस्तकात शेवटचा धडा होता, लेकरू कसं होते त्याचा. हेडसर वर्गात येऊन म्हणाले, "मुलींनो, उद्या घरून खळ करून आणा."

आम्ही वाटी-वाटी पिठाची खळ नेली. सरांनी आमच्याच हातानं ते आठ पानं एकमेकाले चिकटवून घेतले. माह्या बाकावरच्या कुसुमनं विचारलं, "काऊन सर?"

"हे समजायचं तुमचं वय नाही," सर म्हणाले. मंग एकेकीचं पुस्तक उचलून, पानं पक्के चिकटले का ते नखानं पाह्यलं!

त्याच उन्हाळ्यात कुसुमचं लगन लागलं. पंधरा वर्षांची पोरगी! हेडसर पहिल्या पंगतीले बसले होते; कुसुम पाया पडाले आली, तं तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "वर्षाच्या आत पाळणा हलू दे, बेटा."

मी बाजूलेच होती. म्हटलं, "सर, ते पानं आता उकलून देऊ का तिले?"

मायनं माह्या थोबाडीत हाणली.

सरांले मात्र लाडवाचा आग्रह झाला.