खैऱ्याचं डावं शिंग

बेबीताई : नाई, नाई, नाई! ते तुही वायर दूर ठेव माह्यापासून. याले सुई म्हनते का कोनी? हे त फवारनीच्या पंपाची नळी होय.

निकिता : आई, गोल सुई अशीच असते. दोन्ही टोकांना सुया अन् मधात वायर. गोल विणायचं असलं की सगळे टाके एकाच सुईवर, आपण नुसतं फिरत राहायचं. तुम्ही त्या चार सुया घेऊन बसल्या की मांडीवर साळिंदर घेतल्यासारखं दिसतं.

बेबीताई : दिसू दे. याच साळिंदरावर तुह्या नवऱ्याचे मोजे विनले म्या. तवा गोल सुई नोती, पन कपिलचे पाय उघडे नाई राह्यले.

निकिता : पण आपण मोजे कुठं विणून राहिलो? आपण बैलाचं शिंग विणून राहिलो ना!

बेबीताई : हळू बोल वो! वट्यावर बसले हाय ते.

निकिता : बसू द्या. मी तर म्हणते बाबांना सांगूनच टाका. खैऱ्याचं शिंग गेलं, आम्ही त्याला लोकरीचं करून देतो. चोरी थोडीच आहे?

बेबीताई : तू नवी हाय या घरात. तुले तुह्या सासऱ्याची अक्कड मालूम नाई. एकशिंग्या बैल पोळ्यात तोरनाखाली नेला त सारं बोरी गाव हासन, म्हनते. परवा पोळा, अन् हे देवसिंगच्या तांड्यावर जाऊन त्याचा बैल मांगून आननार. हरण्याच्या जोडीले परका बैल! अन् आपला खैऱ्या?

निकिता : तो गोठ्यात?

बेबीताई : खुट्याले बांधून. येवढे वर्स वखर ओढला त्यानं, अन् त्याच्याच सनाले त्यानं गोठ्यातून डफड्याचा आवाज ऐकाचा. मले नाई पाह्यवत, बाप्पा.

निकिता : शिंगाचा कॅन्सर होता आई. डॉक्टरांनी उन्हाळ्यात ते कापलं नसतं तर बैलच गेला असता. यात हसण्यासारखं काय आहे?

बेबीताई : ते तू गावाले जाऊन सांग. म्या म्हनतो, लोकाले शिंग पाह्यजे ना दिसाले? देऊ शिंग! पोळ्याले तसे बी सारे शिंगं रंगवते, गोंडे बांधते, फुगे बांधते. लाल लोकरीचं शिंग करू, आत कापूस भरू, पऱ्हाटीची काडी घालू ताठ राहाले. अन् उजव्या शिंगाले तीच लोकर गुंडाळून देऊ. कोनाले समजते?

निकिता : म्हणूनच म्हणते, गोल सुई घ्या. वेळ कमी आहे. हे बघा, टाके घातले. आता अर्धे इकडे, अर्धे तिकडे, अन् मधातून वायर अशी बाहेर ओढायची.

बेबीताई : हे काय? सुईले कान काहून फुटला?

निकिता : तो कान पाहिजेच. शिंगाचा घेर लहान आहे अन् वायर लांब. जास्तीची वायर बाजूला काढली की टाके जवळ येतात. व्हिडिओत दाखवलं आहे.

बेबीताई : मोबाइल पाहून कोनी शिंग विनते का? आन इकडे, पाहू दे. सुलटे घालून राह्यली ना सारे? हं... हात चालते तुहा. चालते, चालते. गळला नाई एक बी टाका.

निकिता : बघा! अन् खाली ठेवलं तरी सुई निसटत नाही.

बेबीताई : लगेच मिरवू नको. आत्ता बूड हाय, रुंद हाय. वरतं गेल्यावर बोल माह्याशी.

निकिता : वरही असंच. फक्त टाके कमी करत जायचं.

बेबीताई : कर कमी. म्या पाह्यतो.

निकिता : करून राहिले.

बेबीताई : कर ना मंग.

निकिता : करतेच आहे. थोडं... ही वायर जिथं सुईला जोडली ना, तिथं लोकर अडकून राहिली. टाके पुढं सरकतच नाहीत. कान ओढला की इकडून सुटतात, नाही ओढला की तिकडून ताणतात.

बेबीताई : शेंड्याले आली गाडी!

निकिता : व्हिडिओतली बाई तर हसत हसत करते.

बेबीताई : तिच्या गोठ्यात खैऱ्या नाई. आन तो माहा डबा, शेंडा साळिंदरच करन. निमुळतं आलं की चारच सुया पाह्यजे. तीनवर टाके, चौथीनं विनाचं. येते का नाई ध्यानात?

निकिता : येतं. पण आई, या सुया अशा कशा? एक बारीक, एक जाड, टोकंही वाकडीतिकडी.

बेबीताई : सुया कुठं हाय त्या? सायकलच्या तारा होय.

निकिता : सायकलच्या?

बेबीताई : कपिल पोटात होता. मले मोजे विनाचे होते, अन् दारव्ह्याच्या बाजारात दोन टोकाच्या सुया काई भेटल्या नाई. तुह्या सासऱ्यानं आपल्या सायकलच्या चाकातल्या चार तारा काढल्या, दगडावर घासल्या. टोकं करून देल्ले मले. अन् मंग त्याच सायकलवर बाजाराले गेले.

निकिता : चार तारा काढून?

बेबीताई : चाक लागलं डोलाले. वाटंत नाला हाय ना, त्यात गेले सायकलसकट. घरी आले त डोक्यापासून पायापर्यंत गारा-चिखल. अन् मले इचारते काय, त सुया कशा वाटल्या?

निकिता : अय्या! बाबा? आपले बाबा?

बेबीताई : हाव, तेच. आता तोंड वाकडं करून वट्यावर बसते, ते हेच होय. आन त्या सुया. एक, दोन, तीन... चौथी कुठं हाय?

निकिता : डब्यात तीनच होत्या.

बेबीताई : सकाळी चार होत्या! म्या गोठ्यात घेऊन गेलतो माप पाहाले. माय माय! खैऱ्याच्या चाऱ्यात, कुटारात त नाई पडली? या सुईले ना टोपी ना बुड, कुठूनबी निसटते. खैऱ्यानं गिळली त? शिंग द्याले गेलो अन् जीव घेतला म्हनतीन!

निकिता : घाबरू नका, आपण कुटार चाळू. अहो, लपवा ते, लपवा! बाबा येऊन राहिले.

किसनराव : कायचा गोंधळ चालला वो, कपिलची माय? काय सांडलं?

बेबीताई : काई नाई. सुई सांडली माही. सायकलची तार.

किसनराव : ते? ते म्या नेली. पंपाची नळी चोंदली होती, आत घालून साफ केली. जरा वाकली.

बेबीताई : वाकली! माह्या मोज्याची सुई औषधाच्या पंपात घातली तुम्ही? इकडे माहा जीव चालला, खैऱ्यानं... खैऱ्यानं वाट पाह्यली पान्याची, ते राहून गेलं.

किसनराव : आता कोनाचे मोजे विनाचे हाय तुले? अन् हे पदराखाली लाल काय हाय? काढ, काढ. लोकर? गोल गोल... लहान...

बेबीताई : टोपरं हाय.

किसनराव : टोपरं. कोनाचं टोपरं?

निकिता : आई!

किसनराव : असं! असं असं असं. अन् मले कोनी सांगत नाई या घरात! पोरी, तू उभी काहून हाय? बस ना. कपिलले मालूम हाय?

निकिता : नाही हो बाबा, त्यांना काहीच माहीत नाही. खरंच काहीच नाही.

किसनराव : चांगलं हाय. तिकडे लोहारा गावी कारखान्यात मशीनवर उभा राह्यते तो, उगाच घाईघाईनं घरी येन. सनाले आला म्हंजे सांगू. पन काय वो, टोपऱ्याले शेंडा काहून येवढा? लेकराचं डोकं का कनसावानी राह्यते?

बेबीताई : फ्याशन हाय आताची.

किसनराव : फ्याशन हाय त करा बाप्पा. अन् सुईची फिकर नोका करू. वाकडी सुई माह्या नातवाले नाई चालनार. म्या नवी करतो. कपिलच्या गाडीले त ताराच नाई, सारं चाक भरीव हाय. पन माही सायकल हाय अजून. बसा तुम्ही. म्या तांड्यावरून देवसिंगले भेटून येतो, मंग घासतो.

निकिता : गेले! आई, हे काय केलं तुम्ही? आता मी पोळ्यापर्यंत पोटुशी?

बेबीताई : एका दिवसाची त गोष्ट हाय.

निकिता : अन् मग? परवा त्यांना काय वाटेल? कसे हसून राहिले होते, बघितलं ना?

बेबीताई : पाह्यलं. ...तेवढा इचार नाई केला म्या.

(दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या आदली खांदमळणीची संध्याकाळ. गोठा.)

निकिता : जरा धरा ना त्याचं तोंड. मान हलवून राहिला. शिंगाचा बंद कानाच्या मागून घेऊ की पुढून?

बेबीताई : मांगून घे अन् उजव्या शिंगाले गाठ मार. उभा राय रे, खैऱ्या! नवरदेवाचे लाड करून राह्यलो, अन् हा चाटते मले.

निकिता : बाबांनी सुई मात्र काय सुंदर घासली, आई. सकाळी चुलीजवळ ठेवून गेले. टोक असं, की लोकर आपोआप चढली. माझ्या गोल सुईपेक्षा गुळगुळीत.

बेबीताई : आता आली लायनीवर.

निकिता : शेंड्यापुरती. बूड मात्र माझ्याच सुईवर झालं, विसरू नका.

बेबीताई : झालं बाई. लवकर झालं, हे बी कबूल. पन हे पुन्हा तांड्यावर काहून गेले? कालच त गेलते.

निकिता : बैल आणायलाच गेले असतील.

बेबीताई : म्हंजे सारं वाया गेलं. सायकल बी नाई नेली, पायीच गेले...

किसनराव : चाकात तार कमी हाय, म्हनून पायी गेलो. या वयात नाल्यात नाई पडाचं मले. अन् हे काय हाय?

बेबीताई : माय माय!

किसनराव : कपिलची माय, माह्या नातवाचं टोपरं खैऱ्याच्या डोक्यावर काहून घातलं?

निकिता : बाबा, ते टोपरं नाही. शिंग आहे. पहिल्यापासून शिंगच होतं.

किसनराव : अन् नातू?

निकिता : नातू नाही. सध्या तरी काहीच नाही. मी कालच सांगायला पाहिजे होतं बाबा, चूक झाली.

किसनराव : काईच नाई?

बेबीताई : पोरीले काई बोलू नोका. टोपरं हाय हे म्या म्हनलं. तिचा कसूर नाई.

किसनराव : मंग देवसिंगच्या घरच्या रुपीबाईच्या हातानं म्या तांड्यावर गूळ खाऊन आलो, तो कायचा?

बेबीताई : शिंगाचा समजा.

किसनराव : रुपीबाईनं त नाव बी ठेवून देल्लं.

बेबीताई : मले लय वाईट वाटून राह्यलं वो. तुमचं तोंड येवढं खुललेलं म्या किती दिसानं पाह्यलं काल. म्या गप राहाले नोतं पाह्यजे. पन खैऱ्याले खुट्याले बांधून तुम्ही जाल, ते बी मले नाई सहन होत. रागवा माह्यावर, काय रागवाचं ते.

किसनराव : ...वाकडं हाय.

बेबीताई : काय?

किसनराव : शिंग. वाकडं हाय.

बेबीताई : त्याचं खरं बी वाकडंच होतं.

किसनराव : येवढं नोतं. शेंडा पाह्य कुठं जाऊन राह्यला, दारव्ह्याच्या रस्त्यानं.

निकिता : शेंडा आईंनी विणला. बूड सरळ आहे, बघा. गोल सुईवरचं आहे ते.

बेबीताई : बुडाले ढील कोनी देल्ली? बूड ढिलं असलं त शेंडा काय करन बिचारा?

निकिता : ढील नाही ती, तुम्ही कापूसच जास्त भरला!

किसनराव : कापूस? कोनता कापूस? तरी म्हनलं, रात्री माही मान खाली कशी जाऊन राह्यली. माही उशी भरली का यात?

बेबीताई : अर्धीच.

किसनराव : सरका. सरका दोघी. अशी राह्यते का गाठ? हासडा देल्ला त सारं शिंग गळ्यात येन त्याच्या. खैऱ्या, ए राजा, इकडे पाह्य. ...मले कोनी हासलं त हासू दे वो. मले काई फरक पडत नाई. पन याले हासतीन, हा उभा राहीन तोरनाखाली अन् पोट्टे बोट दाखवतीन, ते मले नाई पाह्यवत. म्हनून म्हनत होतो, राहू दे घरी.

बेबीताई : मंग आता हासतीन त शिंगाले हासतीन. अन् शिंग त्याचं नाई, आमचं हाय.

निकिता : अन् बुडाला हसले तर माझं नाव सांगा.

किसनराव : त्या सुया धुऊन, पुसून ठेव पोरी. चारही. तुही वायर बी ठेव त्यातच. कवा तरी कामी पडतीनच. घाई नाई कोनाले.

निकिता : हो बाबा.

किसनराव : अन् लोनी-हळदीची वाटी आन इकडे. उजेड हाय तवर खांद मळून घेतो. दोघाचे बी. ...हं. हरण्या, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. खैऱ्या, तू बी. आज आवतन घे रे बाबा, उद्या जेवाले ये.

बेबीताई : अन् देवसिंगच्या बैलाले?

किसनराव : त्याले कायले?

बेबीताई : मांगून आले ना तुम्ही? काल गेलते, आज गेलते.

किसनराव : गेलतो. पन दोन्ही वक्ती नातवाच्याच गोष्टी करत बसलो. बैल मांगाचा राहूनच गेला.