राक्षसानं भाकर खाल्ली का नाही?

ऊन म्हणजे कसं, तुमाले सांगतो, त्या दिवशीचं ऊन हे ऊन नव्हतंच, कोणीतरी वरतून तापला तवा उपडा धरला होता आमच्या भातकुलीवर! स्टँडवर एक कुत्रं एसटीच्या सावलीत झोपलं होतं, तं गाडी निंघाली का त्याची सावलीच निंघून गेली, ते बिचारं उठून गाडीच्या मांगं पळे... आन अशा उन्हात आमची नात म्हणते, "आबा, अमरावतीले चाला, पिच्चर पाहू. आजीचीच गोष्ट हाय. टॉकीजमंधी थंडगार असते."

आता आजीची गोष्ट म्हणजे काय, ते आंधी सांगा लागन, नाहीतं तुमी म्हणसान बुडा कुठून कुठी चालला.

नात म्हणजे प्रणाली. अकोल्याले राहते, लग्नाच्या शुटिंगा कापते. म्हणजे कॅमेरावाला दिवसभराचं भरून आणते, आन हे पोट्टी त्यातलं नको ते कापून नवरा-नवरीपुरतं ठेवते. ते शाळेत होती तवा तिले बक्षीस म्हणून एक पुस्तक भेटलं. पुस्तक केवढं? पापडाएवढं पातळ! मले वाचता येत नाही, हिच्या आजीले येत नाही, तं प्रणालीनं वाचाचं आन आमी आयकाचं. गोष्ट बी साधी. एक म्हातारी बुडी असते. तिचा बोकड डोंगरावरचा राक्षस घेऊन जाते. बुडी भाकर-ठेचा फडक्यात बांधते, डोंगर चढते. राक्षस म्हणते, "तुले खातो." बुडी म्हणते, "खाजो ना बापा, पर आंधी हे भाकर खा." थो खाते. अन् त्याच्या डोळ्यातून पाणी येते. बुडी म्हणते, "ठेचा झोंबला का?" थो म्हणते, "नाही वं माय, मले आजलोक कोणी जेवाले वाढलंच नव्हतं." अन् बोकड वापस देते. झालं! संपली!

आमची पंचफुला, म्हणजे प्रणालीची आजी, हे गोष्ट कितीकडाव आयकली तरी भाकरीपाशी पदर डोळ्याले लावे. तिच्या गोष्टीचा पिच्चर निंघाला म्हटल्यावर गुडघे काय न् ऊन काय! नेसली लुगडं, निंघाली.

तं बसलो टॉकीजमंधी. अंधार झाला. पंचफुला म्हणे, "बुडी कुठी हाय?"

"येईन आजी, आताच तं चालू झाला."

येईन? कुठून येईन? आंधी तं राक्षसाच्या बापाचं लहानपण! मंग बापाची लढाई. मंग बापाच्या बापाची तलवार कुठी गाडली, ते पाहाले बारा जण निंघाले, त्यातल्या एका शिपायाचं एका परीवर मन बसलं... पुस्तकात परी होती का? नव्हती! शिपाई होता का? तो बी नव्हता! दोघं भेटले का गाणं, भांडले का गाणं, अन् मंदात उडते हत्ती! हत्ती, भाऊ! माणसाच्या डोक्यावरून हत्ती जाऊन राहिले, अन् खालून कोणी वर पाहून बी नाही राहिलं!

मी गरीब माणूस, मले वाटलं चुकून दुसऱ्या पिच्चरात बसलो. प्रणालीले म्हटलं, "बाई, तिकीट पाह्य बरं." तवाच बोकड दिसला. बोकड दिसला तं जीव हलका झाला. पर बोकडाच्या शिंगाले लोखंड, आन थो बोलाले लागला! भरल्या गळ्यानं म्हणते, "मी साधा बोकड नाही... मी शापित राजकुमार हाय."

पंचफुला कायची चुप बसते! "राजकुमार हाय तं बुडीनं त्याले इतले दिवस पाला काहून चारला?" आजूबाजूचे पोट्टे हासले. हे म्हणते, "हासता काय रे? पाहा ना, खाऊन राहिला थो पाला!"

आता तुमी म्हणसान, बुडी आली का नाही? आली ना. पिच्चर संपाले आला तवा आली! डोंगर चढली, राक्षसापुढं बसली, फडक्याची गाठ सोडाले हात घातला... आन मी घड्याळाकडं पाह्यलं तं आमच्या गावच्या शेवटच्या गाडीचा टाईम! उठलो. काय करता? पंचफुला पायऱ्यायनं उलटी चालली, तोंड पडद्याकडं आन पाय दाराकडं, मी एका हातानं धरलं, प्रणालीनं दुसऱ्या. गाठ सुटली का नाही सुटली, तेवढ्यात दार लागलं.

गाडीत बसलो. नांदगावपेठेकडच्या कारखान्यातले पोरं कामावरून सुटून आलते, दाटी झालती, अन् त्या दाटीत पंचफुला म्हणे,

"मंग त्यानं भाकर खाल्ली का नाही?"

प्रणाली म्हणे, "खाल्ली असन ना आजी. पुस्तकात नाही का खाल्ली?"

"पुस्तकातलं मले पाठ हाय. यानं खाल्ली का? ज्यायनं बोकडाचा राजकुमार केला, ते भाकरीचं काय करतीन, काही सांगता येते का?"

बोला! मले बी वाटे, खरं हाय. राक्षसानं भाकर फेकून दिली असन तं? त्या पिच्चरवाल्यायचा काय भरोसा? पंचफुलानं कंडक्टरले बी इचारलं, "दादा, तुमी पाह्यला का थो बोकडाचा पिच्चर?" थो म्हणे, "मावशी, मी हा मार्गच पाह्यतो जिंदगीभर."

तेव्हापासून तुमाले सांगतो, आमच्या घरी भाकर थापाले बसली का तेच. "त्यानं खाल्ली का नाही?" मी पयला घास मोडला का माह्या तोंडाकडं पाहे, जसा मीच थो राक्षस!

दिवाळीले प्रणाली आली. म्हणे, "आबा, आता थो पिच्चर रीतसर इकत भेटते. मी घेतला. खाल्ली का नाही ते सांगत नाही, आजीनं आपल्या डोळ्यानं पाहाचं. आजीले एक घडी बसता येईन इतला करतो. इकाचा नाही, वाटाचा नाही, घरच्या अंगणात पाहाचा."

म्हटलं, "अवं, दुसऱ्याचा पिच्चर असा कापता येते का?"

"आबा, लग्नात काय होते? नवरा-नवरी राहते बाजूले, आन नवरदेवाच्या आतेभावाचा नाच राहते घंटाभर. मी काय करतो? आतेभावाले काढतो. नवरी आपोआप दिसाले लागते. नवीन काही टाकत नाही. बुडी त्याच्यात हायच, आबा, फकस्त तिच्या आंगावर बाकीचे बसून राहिले."

बसली पोट्टी लॅपटॉप घेऊन. राक्षसाचा बाप गेला, तलवार गेली, परी गेली. इतलुसा झाला पिच्चर! म्हणे, "सांजीले अंगणात चादर बांधू, प्रोजेक्टर लावू, सारी आळी बोलावू."

आन इथंच मी घोटाळा केला. माहाच घोटाळा, कोणाले काय म्हणू? आपल्याकडं पंगतीचं बोलावणं द्याले गेलं का इचारा लागते, "भाजी कायची करू?" नाही इचारलं तं माणूस म्हणते, बोलावलं पर मनातून नाही बोलावलं. मी घरोघरी गेलो अन् सवयीनं इचारत गेलो, "पिच्चरमंधी काय ठेवू?"

शेजारचा उत्तमराव म्हणे, "जानराव, लढाई तेवढी ठेवा. लढाईबिगर पिच्चर म्हणजे फोडणीबिगर वरण."

माणिकबाई म्हणे, "भाऊजी, त्या परीचं लगन काढू नोका बरं! मी हळदीपर्यंत पाह्यला अन् पोरीनं मोबाईल हिसकला."

पिंटू, थो डीजे वाजवते, थो म्हणे, "काका, हत्ती पायजेत म्हणजे पायजेत. हत्तीच्या टायमाले माहे बॉक्स लावतो."

आता पाहुण्याले नाही कसं म्हणता? येऊन प्रणालीले सांगितलं. तिनं डोक्याले हात लावला, "आबा, हे तं सारे आतेभाऊ वापस आले!" पर माहा शब्द मोडला नाही पोरीनं. लढाई वापस टाकली, लगन टाकलं, हत्ती टाकले. लगन टाकलं तं त्याच्या आंधीचं भांडण टाका लागलं, नाहीतं लगन काहून झालं ते समजत नव्हतं. हत्ती टाकले तं ते आणले कोणं, थो बी टाका लागला. पिच्चर फुगत फुगत पुन्हा तेवढाच्या तेवढा!

सांजीले सारी आळी जमली. लढाईत उत्तमराव उभा राहून ओरडे, लगनात माणिकबाईनं डोळे पुसले, पिंटूच्या बॉक्सनं आमच्या घराचे कवलू हालले. अन् मंग आली बुडी. चढली डोंगर. बसली. फडक्याले हात घातला...

लाईन गेली.

भातकुलीची लाईन, भाऊ! तिले काय ठाऊक बुडी कुठी पोचली? लोकं उठले, "मस्त होता पिच्चर, जानराव!" म्हणत घरोघर गेले. अंधारात खाटेवरून आवाज आला,

"मंग त्यानं भाकर खाल्ली का नाही?"

चिडली असती तं बरं वाटलं असतं हो! चिडली बी नाही. मले लय लागलं. आपण साऱ्यायले वाढत बसलो अन् जिच्यासाठी चूल पेटवली ते उपाशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला सूप घेऊन प्रणालीच्या बाजूले येऊन बसली. सुपात तूर. म्हणे, "चालू कर वं. मी सांगतो." अन् काय सांगू तुमाले! इकडं तूर पाखडे, तिकडं लॅपटॉपकडं पाहे. उडता हत्ती आला, "कोंडा." परी आली, "कोंडा." बोकड तोंड उघडाले लागला, "त्याचं तोंड बंद कर. बोकड हाय, बें-बें पुरे." प्रणालीचं बोट चाले, आजीचं सूप चाले, अन् मी मंदात उत्तमरावची लढाई आली तं हळूच म्हटलं, "उलीसी?"

"एक फुंकर," पंचफुला म्हणे. अन् फुंकरच ठेवली.

एके जागी बुडी डोंगर चढता चढता दगडावर बसते, गुडघा चोळते. ना गाणं, ना बोलणं. मी म्हटलं, "हे काढ, इथं काहीच नाही." प्रणालीचं बोट गेलं बी. पंचफुलानं तिचा हात धरला. "राहू दे. चढण चढली तं बसाच लागते. हे दाणा हाय."

अन् शेवटी भाकर. तुमाले खोटं वाटन, त्या पिच्चरवाल्यायनं काय केलं होतं माहीत हाय? राक्षस भाकर तोंडापाशी नेते, अन् तेवढ्यात लढाई! लढाईभर भाकर हातात! अन् घास मोडते तो पार आखरीले, नावं येतात तवा, लोकं चपला पाहून राहतात तवा! प्रणालीनं मंदातली लढाई काढली, हात अन् घास एकमेकाले जोडला. सांधा सुदा दिसत नाही, आईशप्पथ!

सांजीले पुन्हा चादर बांधली. या डाव मी कोणाले काही इचारलं नाही, लोकं आपोआप आले. बुडी बसली. गाठ सुटली. राक्षसानं भाकर घेतली, मोडली, खाल्ली. चावता चावता थांबला. त्या धुडाच्या डोळ्यातून पाणी... पिंटू, हत्तीवाला पिंटू, मान खाली घालून बसला होता.

पंचफुला हळूच म्हणे, "खाल्ली."

मी म्हटलं, "खाल्ली ना. झालं समाधान?"

"हाव. पर बुडीनं दोन बांधाले पायजे होत्या. येवढं मोठं धूड, एका भाकरीनं काय होते?"

आता इतली चांगली गोष्ट घडली तं माणूस सांगन का नाही? मी स्टँडवर सांगितली, बाजारात सांगितली, मोझरीले दर्शनाले गेलतो तं तिथं रांगेत सांगितली. परवा उत्तमराव ओट्यावर चहा पीत बसला होता, त्याले सांगाले बसलो. आंधी उन्हाचं, मंग कुत्र्याचं, मंग कंडक्टरचं... त्याच्या चहावर साय आली, त्याची म्हैस घरी आली, थो बिचारा हूं हूं करत आयकत होता. बुडी डोंगराच्या पायथ्यापाशी पोचली अन् थो उठला, माह्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणे,

"जानराव, त्यानं भाकर खाल्ली, हे मी तुमच्याच अंगणात बसून माह्या डोळ्यानं पाह्यलं. आता येवढं करा, हेच सारं पंचफुलावहिनी सूप घेऊन बसल्या का त्यायच्यापुढं सांगा, अन् जेवढं सुपात उरन, तेवढं मले येऊन सांगा."