नानांच्या हातचा नट

माझं माहेर एरंडोलकडचं, सासर धुळ्याकडचं, आणि घर विचाराल तर हे, ही गाडी. हसू नका ताई, खरंच सांगते, लोकांच्या घराला जोतं असतं, माझ्या घराला चाकं शे. कमल माझं नाव. माझ्या मालकांना गावातले बठ्ठे, म्हणजे सगळेच, नाना म्हणायचे, मग मीही नानाच म्हणायला लागली. ते गाद्या पिंजायचे. गावाच्या तोंडाशी गाडी लावायची, लोकांच्या जुन्या गाद्या-उशा उसवायच्या, आतला गोळा झालेला कापूस मशीनमधून काढून फुलवायचा आणि परत भरून टाके घालून द्यायचा. पिंजणं त्यांचं, टाके माझे. लग्न झालं तेव्हा नुसती हातगाडी होती. मग धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडे ही कुठल्याशा शाळेची जुनी मिनीबस दिसली, ती घेतली, पोरांचे बाक काढून टाकले, मागे मशीन, मधे पलंग, पुढे गॅस, झालं घर. अजून खिडकीखाली बघा, शाळेच्या नावाची दोन-चार अक्षरं राहिलीत, बाकीची उन्हानं गेली.

हिचं इंजिन आतच शे, ड्रायव्हरच्या बाजूला, ह्या पेटीखाली. तुम्ही आत्ता चहाचा कप ठेवला ना, तिथंच खाली. माझी सुनीता लहानपणी थंडीत ह्याच पेटीवर झोपायची, कारण गाडी बंद केली तरी कितीतरी वेळ पेटी ऊबदार राहते. दोंडाईच्याकडची थंडी तुम्हाला काय सांगू, पण माझ्या पोरीला ती कधी माहीतच पडली नही. आता ती शिरपूरला दिली, तिचं पक्कं घर शे, जावई चांगला शे. तीच मला म्हणते, माय, हाई गाडी भंगारमा दी टाक अन् मन्हा घर चाल. बोलायला काय जातं तिचं, ती उतरली ना गाडीतून.

तर इंजिनाचं सांगत होती. खेड्यापाड्यात मिस्त्री कुठून आणायचा, आणि आणला तरी नाना कुणाला हात लावू द्यायचे नहीत. बठ्ठं आम्हीच करायचो. आमच्या धंद्यात कापूस उडतो, नाकात जातो, भाजीत जातो, तसा इंजिनातही जातो. एअर फिल्टर दोन गावं झाली की पांढरा होऊन बसतो, मग गाडी दमेकऱ्यासारखी करते. तो फिल्टर झटकायचा, रेडिएटरच्या जाळीतला कापूस ब्रशनं काढायचा, पाणी बघायचं, पट्टा बघायचा, ऑइलची पट्टी पुसून परत बुडवून बघायची, कमी असलं तर वरून घालायचं, हे माझं काम. आणि गाडीखाली झोपून जे करायचं ते त्यांचं. वरचं इंजिन माझं, खालचं त्यांचं, अशी वाटणीच होती म्हणा ना. गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं, अंजनी नदीच्या कोरड्या पात्रात, आणि मी एकदा दगडावर घातली तर इतकं हसले, इतकं हसले की मला रागच आला.

हात फार जड होता त्यांचा. लोणच्याची बरणी त्यांनी लावली की मला उघडायची नही, गावचा नळ बंद केला की बाया हाका मारायच्या, नाना, तुम्हीच या आता. आणि तो खालचा नट, ऑइलच्या चेंबरचा, जुनं ऑइल काढायला जो सोडावा लागतो तो, तो तर असा आवळायचे की पुढच्या खेपेला त्यांनाच सुटायचा नही. मग पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घालायचा, पाइपला लोंबकळायचं, शिव्या द्यायच्या. मी वरून म्हणायची, नाना, एवढं कशाला आवळता, परत तुम्हालाच सोडायचं शे. ते खालून म्हणायचे, कमल, मन्हा हातना नट शे हाऊ, पाइप लाव्याशिवाय सुटाव नही. मोठेपणाच वाटायचा त्यांना त्याचा. दर वर्षी हेच भांडण, दिवाळी झाली, गादीचा हंगाम आला, ऑइल बदललं की.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतरही बदललं. मी वर फिल्टर झटकत होती. ते गाडीखालून बाहेर आले आणि चाकाला टेकून बसून राहिले. मी म्हटलं, काय झालं? काही नही, म्हणे, मातेरं गेलं तोंडात, चहा टाक. मी चहा टाकला. त्यांनी अर्धा पिऊन ठेवून दिला, आणि चहा अर्धा ठेवणारा माणूस नव्हता तो, पण माझं लक्ष टाक्यांत, त्या दिवशी गाद्या फार आल्या होत्या.

त्याच थंडीत गेले. दोंडाईच्याजवळ एका गावात गाडी लावली होती, पहाटे उठवायला गेली तर ह्याच पलंगावर थंड. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलं होतं, हे आजचं नही. मला तर काहीच माहीत नही. जलदानविधी झाला, पाहुणे गेले, सुनीतानं कपडे वाटून टाकले, पलंगावरची गादी मी स्वतः उसवली, कापूस पिंजला, परत भरली, आमचं काम तेच ना ताई. आणि मग मला वाटायला लागलं की ह्या माणसाचं आता काय राहिलं? जिथं हात लावावा ते माझ्या हातानं किंवा पोरीच्या हातानं बदलून गेलेलं. मग एकदम आठवलं, नट राहिला. खाली तो नट त्यांनी आवळला तसाच शे. त्यांच्या हाताचा जोर तेवढ्या एका जागी शिल्लक शे. वेडेपणा म्हणा, पण मला तेवढाच आधार वाटला.

पिंजायला मी शिकली, गाडी चालवतच होती, हंगाम काढला. गाडीखाली मात्र काळा डाग पडायला लागला. रात्री गाडी लावावी, सकाळी बघावं तर ऑइलचा थेंब. मी म्हटलं, म्हातारी झाली बिचारी, गळणारच. दुधाच्या पिशव्यांचा जुना ट्रे होता, तो खाली सरकवायची आणि वरून ऑइल घालायची. वरचं माझंच काम. पण नुसतं घालून काय होतं, जुनं ऑइल काढावं लागतं, ते डांबरासारखं झालं होतं, इंजिन जड चालायचं, घाटात आवाज बदलायचा. पावसाळ्यात शिरपूरला सुनीताच्या दारात गाडी लावली तर जावई म्हणाले, आत्या, हे असंच ठेवलं तर इंजिन जाम होईल, मग ही भंगारातच जाईल, मी बदलून देतो ना ऑइल. मी म्हटलं, नका हात लावू. ते म्हणाले, का पण? मी ट्रे परत खाली सरकवला. सुनीता चिडली, म्हणे, माय, तुले गाडी बी ठेवनी शे अन् तिले मारनी बी शे का? खरं होतं तिचं. नट ठेवला तर गाडी जाणार, आणि गाडी गेली तर नटही तिच्याबरोबर भंगारात.

यंदाची दिवाळी झाली आणि मी ठरवलं. गाडी परत सुनीताच्या दारात लावली होती, ती घरात होती, तिला सांगितलं नही. गोणपाट अंथरलं, पाना घेतला, तोच लोखंडी पाइप घेतला, आयुष्यात पहिल्यांदा गाडीखाली झोपली. नटावर पाना बसवला. मनात म्हटलं, नाना, आता सोडा. आणि पाइप घालायला हात वळवला तर काय सांगू तुम्हाला ताई, पान्याच्या नुसत्या वजनानं तो नट फिरला. पाइप लागलाच नही. पुढचे आटे मी दोन बोटांनी सोडले. काळं ऑइल माझ्या हातावरून कोपरापर्यंत आलं आणि मी तशीच पडून राहिली.

गाडी म्हातारी नव्हती झाली. नट आवळलाच नव्हता. त्या दिवशी त्यांच्या हातात जोरच नव्हता, आणि त्यांना ते कळलं होतं, म्हणून चाकाला टेकून बसले होते. मला एक शब्द बोलले नहीत. मी वर्षभर त्यांचा जोर जपत होती, आणि तिथं होता तो त्यांचा अशक्तपणा. सुनीता धावत आली, माय, काय व्हयनं, लागनं का? मी म्हटलं, नही गं, मातेरं गेलं तोंडात.

नवीन ऑइल घातलं. नट मी आवळला, पाइप लावून, लोंबकळून. इंजिन आता कसं गोड चालतं, तुम्ही ऐकलं ना मघाशी. हा हंगाम करीन, पुढचाही करीन, मग बघू, पोरीचं घर कुठं पळून जातं.

पण सवय राहिली. सकाळी उठली की आधी वाकून गाडीखाली बघते. जमीन कोरडी असते. बरं वाटायला पाहिजे ना? मला रडू येतं.

घ्या, चहा निवला तुमचा, दुसरा टाकते. आणि ताई, घरचं माणूस ‘काही नही’ असं म्हणालं ना, तर एकदा त्याचा हात हातात घेऊन बघत जा. सुखाचं राहा.