अडुळशाचा काढा

पिंपरी कॅम्पात आमच्या शेजारी लछमनदास राहायचे, फाळणीनंतर सिंधमधून आलेले. हातगाडीवर कापड विकायचे. मराठीत पहिलं वाक्य शिकले ते शिपायाचं, "गाडी काढा!"

एकदा म्हणाले, "मुलीला खोकला." मी डब्यात लावलेला अडुळसा दाखवला. "याचा काढा करा."

सकाळी पाहतो तर डबा रिकामा! लछमनदास मुळासकट झाड घेऊन उभे. "काढला, भाऊ. आता?"

हिनं कपाळावर हात मारला, पण पानं उकळून दिली. उरलेलं खोड त्यांनी आपल्या दारात लावलं.

पुढच्या थंडीत खोकला मला झाला. मी पानं मागायला गेलो, तर लछमनदास झाडापुढे आडवे उभे राहिले, राव!

"काढा करा, भाऊ. काढू नका!"