साक्षगंधाला लावलेला चष्मा

नाव: शामकला यादोराव कापगते, वय ३२ वर्षे, व्यवसाय: टेलिफोन ऑपरेटर, रा. मौजा सावरबोडी, जि. गोंदिया.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी दोन्ही डोळ्यांनी आंधळी आहे. आई सुशीलाबाई व थोरला भाऊ इंद्रकुमार यांच्यासोबत राहते. माझ्याकडे कॅमेऱ्याचा चष्मा आहे. तो समोरचे पाहून कानात सांगतो: पायरी, गाय, उघडी नाली. त्याच्या जोरावर मी वर्षभर बसने एकटी नोकरीला जाते. त्याआधी सहा वर्षे भाऊ हाताला धरून बसपर्यंत सोडायचा आणि ते गावभर ऐकवायचा.

काल रविवारी सकाळी अकराला घरी माझे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होते. मुलगा देवरीचा, वय छत्तीस, असे भावाने सांगितले होते. फोनवर दोनदा बोलणे झाले, आवाज तरुण होता. मला लग्न हवे होते, ते लपवत नाही. पाहुणे यायच्या आधी भाऊच म्हणाला, "चष्मा लाव, डोरे झाकले राह्यतेत." चष्मा नेमके काय करतो हे त्याने वर्षभरात एकदाही विचारले नव्हते.

मला नवरदेवासमोर बसवले. तो लाजतो म्हणून बोलत नाही, असे सांगितले. चष्मा कानात म्हणाला, "समोर पुरुष, अंदाजे साठ वर्षे, केस पांढरे. शेजारी एक तरुण." मी नवरदेवाला नाव विचारले. फोनवरचाच आवाज आला, पण बाजूने. फोनवर त्या म्हाताऱ्याचा भाचा, म्हणजे शेजारचा तरुण, बोलत होता. मी उठले व म्हातारा नवरा करणार नाही असे सर्वांसमोर सांगितले. पाहुणे निघून गेले.

पाहुण्यांची जीप गेल्याबरोबर भावाने दाराला कडी लावली. म्हणाला, "आंधरी आहेस तं आंधऱ्यावानी राह्य. तुले पाहाले कोनं सांगतलं?" पहिला फटका तोंडावर बसला. चष्मा पडला, तो त्याने टाचेने चेचला. केस धरून मला ओसरीत ओढले व माझ्याच पांढऱ्या काठीने पाठीवर, डोक्यावर मारले. काठी वाकली तेव्हा मुसळ घेतले. उजव्या हाताचे हाड मोडल्याचे मला ऐकू आले. तरी तो थांबला नाही. आई तिथेच उभी होती, बांगड्या वाजत होत्या. ती एवढेच म्हणाली, "तोंडावर नोको मारू."

मी आंधळी असताना मारणारा कसा ओळखला, असे मला विचारण्यात आले. सहा वर्षे मी तोच हात धरून चालले आहे.

भावावर कारवाई व्हावी. मी त्या घरी परत जाणार नाही.

जबाब हवालदारांनी वाचून दाखवला तेव्हा बरोबर होता. छापील कागदावर मी माझा, लिहिलेले वाचून दाखवणारा फोन धरला, तेव्हा फोनने "पायरीवरून पडून जखमी" असे वाचले. आई बाहेर बाकावर बसली आहे; माझ्याआधी ती हवालदारांशी बोलली होती. तो कागद मी रद्द करवला. हा दुसरा कागद माझ्या फोनने वाचला, मी ऐकला, माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. अंगठा देत नाही. डाव्या हाताने सही करते.