चष्मेवाल्याचा डबा

कळंबच्या स्टँडवर धाराशिवची गाडी काही येईना. रुकसाना वैतागून बाकावर टेकली. पाठीमागं मायलेक बसले होते, मुलगी बघून गावाकडं निघालेले. कान द्यायचा नाही म्हटलं, तरी ऐकू येतच होतं.

"आई, माझ्या कपाटाचा फोटो कशाला दाखवलास त्यांना?"

"कॉमिकातले चाळीस बाहुले हायती त्यात, समदे तू हातानं रंगवलेले. एकेकाच्या पापणीला दिसभर घालतोस. म्या म्हणलं, पोराची कला बघतील."

"बघितली की. मुलीचा मामा म्हणला, ह्यो तर टीव्हीवरच्या विनोदी मालिकेतला चष्मेवाला. बाहुल्यांशी बोलतो अन् पोरगी दिसली की घाम फुटतो."

"असती एकेकाला चेष्टेची सवय, प्रसेनजित."

"मला म्हणला, त्याच्यावानी बोलून दाखव."

"तू दाखवलंस बी."

"मग काय करू? सगळं घर हसत होतं. मुलगी बी."

"दमलास का रं?"

"चौथं घर झालं, आई. जिथं जावं तिथं तीच मालिका. आपल्या घरात बी तीच. तू तर एक दिवस चुकवत न्हाईस."

"मी काय हसायला बघती व्हय?"

"मग कशाला बघतीस?"

"ते चष्मेवालं पोरगं डबा घिऊन कोपऱ्यात एकलंच बसतं. वाटतं, आज तरी कुणी त्याच्याजवळ जेवायला बसंल."

"बसलं का कुणी?"

"चार वर्सं झाली, बघतीच हाय."